अर्धगोल मठारणारी विद्यार्थिनी

साडेसात सेंटिमीटरही उंची नसलेल्या एका चहादाणीनं गेली कित्येक वर्षं मला नादावलं आहे. खाली अधिक चिन्हासारखा पाय, त्यावर धातूचा अर्धगोल, अर्धगोलाच्या सपाट माथ्यावर एका बाजूला सरकवलेलं लहानसं गोल झाकण, पुढे आखूड तोटी आणि मागे आबनुसाच्या काळ्या लाकडाची उभी, अर्धवर्तुळाकार मूठ. बाऊहाउस या जर्मन कलाशाळेच्या यादीत तिचा क्रमांक ‘एमटी 49’ असा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आणि मोमामध्ये तिची एकेक प्रत आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहे. डिसेंबर 2007 मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात एक प्रत 3,61,000 डॉलरना गेली. बाऊहाउसमध्ये घडलेल्या कुठल्याही वस्तूला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

ही चहादाणी 1924 साली एका विद्यार्थिनीनं घडवली, आणि तीही धातुकामाला हात घालून वर्षसुद्धा झालेलं नसताना. या गोष्टीचं नवल माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

तिचं नाव मारिआने ब्रांट. जन्म 1893 चा, सॅक्सनीतल्या केम्निट्झ या गिरण्या-कारखान्यांच्या गावातला. माहेरचं आडनाव लीबे. 1911 पासून ती वायमारला चित्रकला आणि शिल्पकला शिकली, 1919 मध्ये एरिक ब्रांट या नॉर्वेजियन चित्रकाराशी तिचं लग्न झालं, काही काळ दोघं नॉर्वेत आणि फ्रान्समध्ये राहिले. 1923 च्या उन्हाळ्यात वायमारमध्ये बाऊहाउसचं मोठं प्रदर्शन भरलं. ते पाहिल्यावर तिनं आपली आधीची चित्रं जाळून टाकली आणि पुढच्या जानेवारीत, तिशी ओलांडल्यावर, ती पुन्हा पहिल्या वर्गात जाऊन बसली. चित्रं जाळण्याचा प्रसंग तिच्यावरच्या बहुतेक लेखांत येतो आणि तो नाट्यमय आहेच. मला मात्र तिशीनंतर नवशिक्या मुलांच्या शेजारी बसण्याचं धैर्य त्याहून मोठं वाटतं.

बाऊहाउसची जंत्री वाचकांना ठाऊक असेल: 1919 मध्ये वायमारला सुरुवात, 1925 मध्ये डेसाऊला स्थलांतर, 1933 मध्ये बर्लिनला शेवट. संस्थापक वाल्टर ग्रोपिअसनं आरंभी स्त्री-पुरुष असा भेद इथे असणार नाही असं जाहीर केलं होतं. मुली मोठ्या संख्येनं आल्या तेव्हा वर्षभरातच त्याचा सूर बदलला आणि त्यांना विणकामाकडे वळवायचं धोरण ठरलं. त्या विणकाम विभागातून गुंटा श्टोल्झल आणि ऑटी बर्गर यांच्यासारख्या थोर कलाकार घडल्या, पण त्यामुळे ते धोरण न्याय्य ठरत नाही. ब्रांटलाही तिथेच पाठवलं गेलं असतं. प्राथमिक वर्गातलं तिचं काम लास्लो मोहोली-नाजनं पाहिलं आणि तिला धातुकामाकडे ओढलं. तो त्या विभागाचा कलाप्रमुख होता, तर हत्यारं कशी धरायची हे शिकवणारा कारागीर-गुरू होता क्रिस्टियान डेल.

या विभागातल्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल तिनं उतारवयात तरुण पिढीला उद्देशून एक पत्र लिहिलं. बाऊहाउसच्या जुन्या माणसांच्या आठवणींचा जो संग्रह निघाला, त्यात ते आहे. माझ्या लेखी तिच्या कामाची किल्ली या पत्रात आहे. ती सांगते, की तिचं तिथे येणं मुलांना मुळीच आवडलं नव्हतं. धातूच्या कामात बाईचं काय काम, असं त्यांना वाटे, आणि तसं त्यांनी नंतर तिच्यापाशी कबूलही केलं. म्हणून सगळी कंटाळवाणी, रटाळ कामं तिच्या वाट्याला येत. ठिसूळ जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यातून छोटे छोटे अर्धगोल मठारत ती बसून राही. तिला वाटे, हे असंच असणार, कुठल्याही कामाची सुरुवात अवघडच असते. पुढे सगळ्यांचं छान जमलं, असंही ती लिहिते. पत्रात कुठेही कडवटपणा नाही.

ज्यांनी पत्रा मठारताना पाहिला आहे त्यांना या शिक्षेचा अर्थ कळेल. सपाट चकतीचा गोल करायचा तर हातोडीचा प्रत्येक घाव आधीच्या घावाला लागून, त्याच जोरानं बसावा लागतो. ठोकून ठोकून धातू कडक होतो, त्याला पुन्हा तापवून मऊ करावं लागतं. एखादा घाव चुकला की पत्रा फाटतो, आणि जर्मन सिल्व्हर तर हट्टीच. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांना हे सांगायला नको. हा आकार हातात बसायला वर्षं जातात, आणि ब्रांटला तो महिन्यांत बसवावा लागला, कारण दुसरं काही करूच देत नव्हते.

आता पुन्हा चहादाणीकडे पाहा. तिचं सगळं शरीर म्हणजे एक अर्धगोल. त्याच वर्षी तिनं केलेली रक्षापात्रंही गोलावरच उभी आहेत, त्यांतल्या एकाच्या झाकणाला मध्यापासून सरकवलेली त्रिकोणी खाच आहे. चहा-कॉफीचा तिचा संपूर्ण संच आहे, चांदीचा आणि आबनुसाचा, तोही गोलाच्याच घराण्यातला. कलेच्या इतिहासाची पुस्तकं सांगतात, की वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण हा बाऊहाउसचा मूलमंत्र होता, चित्रकार कांडिन्स्की तिथे तेच शिकवत होता, म्हणून या वस्तू अशा दिसतात. ते खरं आहे, पण माझ्या मते अपुरं आहे. वर्तुळाचं तत्त्वज्ञान तर वर्गातल्या सगळ्यांनाच शिकवलं जात होतं. अर्धगोल हाताला इतका पाठ झालेली तीच एक होती. तिला पिटाळून लावायला दिलेलं काम तिनं आपली मुळाक्षरं करून टाकलं.

ही चहादाणी वापरायची कशी, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या चहाशी तिचा संबंध नाही. आपण पाणी, साखर, दूध, पूड सारं एका पातेल्यात उकळतो. ही चहादाणी अर्काची आहे. तिच्यात कोऱ्या चहाचा कडक अर्क करायचा, कपात त्यातला थोडासा ओतायचा आणि वरून गरम पाणी घालून ज्याला जसा हवा तसा करून घ्यायचा. म्हणून ती इतकी लहान. आत गाळणी बसवलेली. तोटी अशी कापलेली, की ओतून झाल्यावर थेंब खाली ओघळत नाही. झाकण तोटीपासून दूर सरकवलेलं, म्हणजे चहादाणी कलती केली तरी झाकणाच्या फटीतून चहा सांडत नाही. मूठ लाकडाची, म्हणजे बोटं भाजत नाहीत, आणि ती उभी व उंच असल्यानं एवढीशी वस्तू पकडीत नीट येते. अर्धगोल टेबलावर स्थिर राहणार नाही, म्हणून तो अधिक चिन्हाचा पाय. अशी एकेक अडचण सोडवता सोडवता वस्तूला चेहरा आला आहे. पाहणाऱ्याला ती आधी ऐटबाज वाटते आणि तिची हुशारी मागाहून कळते.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. ही चहादाणी यंत्रावर ठोकून काढल्यासारखी दिसते, पण होती संपूर्णपणे हाताची. प्रती थोड्याच निघाल्या, त्याही महाग. ब्रांटचा सहाध्यायी विल्हेल्म वागनफेल्ड 1924 मध्ये आपला काचेच्या घुमटाचा दिवा आणि विभागातल्या इतर वस्तू घेऊन लाइपझिगच्या जत्रेत गेला, तेव्हा व्यापारी आणि कारखानदार हसले. वस्तू दिसतात यंत्राच्या स्वस्त मालासारख्या आणि किंमत मात्र कारागिरीची, हे त्यांना पटेना. त्या दिव्याच्या श्रेयावरून पुढे वागनफेल्ड आणि कार्ल याकोब युकर यांच्यात मोठा वाद झाला, त्यात मी शिरत नाही. व्यापाऱ्यांचं हसणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांचा आक्षेप खरा होता. रोजच्या वापराची वस्तू रोजच्या माणसाला परवडत नसेल तर तिच्या साधेपणाचा उपयोग कुणाला?

ब्रांटनं या प्रश्नाचं उत्तर कामातून दिलं, आणि तिच्या आयुष्याचा हा भाग मला चहादाणीहूनही मोलाचा वाटतो. डेसाऊमध्ये ती दिव्यांकडे वळली. डिसेंबर 1926 मध्ये उद्घाटन झालेल्या ग्रोपिअसनं आखलेल्या बाऊहाउसच्या इमारतीतल्या दिव्यांत तिचेही दिवे होते. 1928 मध्ये मोहोली-नाजनं संस्था सोडली आणि विभागाची धुरा तात्पुरती तिच्याकडे आली. चार वर्षांपूर्वी ज्या विभागाला ती नको होती, त्याची ती प्रमुख झाली. तिनं कारखान्यांशी करार केले. लाइपझिगची कोर्टिंग आणि माटीसेन ही कंपनी ‘कांडेम’ या नावानं दिवे विकत असे. हिन ब्रेडनडिकबरोबर तिनं या कंपनीसाठी उशाजवळचा दिवा आखला: जड, पसरट पाय, वाकवता येणारी मान, घंटेसारखी टोपी आणि पायावरच दाबायचं बटण. अंधारात, अर्धवट झोपेत चाचपडणारा हात कुठे जाईल, याचा विचार त्या बटणाच्या जागेत आहे. आज उशाजवळच्या दिव्याची ही ठेवण इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणीतरी एकदा शोधून काढली असेल असं वाटतच नाही.

याच सुमारास एक जाहीर वादही झाला. नाऊम गाबो या शिल्पकारानं बाऊहाउसच्याच नियतकालिकात लेख लिहून वरवरच्या शैलीच्या आहारी जाण्यावर टीका केली. 1929 च्या पहिल्या अंकात उत्तर दिलं ब्रांटनं. टीका झेलायला विभागातली ही बाई पुढे झाली, याचं मला कौतुक आहे. गाबोचा मुद्दा चहादाणीला थोडाफार लागू पडतो, असं माझं मत आहे. अर्काचं भांडं अर्धगोलच असलं पाहिजे असं चहा काही सांगत नाही. कांडेमच्या दिव्याला मात्र तो बिलकूल लागू पडत नाही.

1929 मध्ये तिनं बाऊहाउस सोडलं, काही महिने ग्रोपिअसच्या बर्लिनमधल्या कचेरीत काम केलं आणि मग ती गोथा गावातल्या रुपेलवेर्क या पत्र्याच्या वस्तूंच्या कारखान्यात गेली. तिथे 1932 पर्यंत तिनं जेवणाच्या टेबलावरच्या नॅपकिनचे स्टँड, दौती, पुस्तकं उभी ठेवायचे आधार, टेबलावरची घड्याळं अशा वस्तू आखल्या. पत्रा कापून वाकवलेला, वर रंगाचा चकचकीत लेप, किंमत साधी. या वस्तूंवर नाव कारखान्याचं असे. त्या तिच्या आहेत हे अभ्यासकांनी पुष्कळ नंतर जुळवून दाखवलं. नॅपकिनचा एक स्टँड म्हणजे निव्वळ वाकवलेली पट्टी आहे, आणि तरी तो पाहताक्षणी ओळखू येतो. चांदी नाही, आबनूस नाही, मठारणं नाही, तरी तिचा हात दिसतोच.

पुढची वर्षं उदास आहेत. मंदीत नोकरी गेली, नाझी काळ तिनं केम्निट्झमध्ये आईवडिलांच्या घरी काढला. युद्धानंतर 1949 मध्ये तिला ड्रेस्डेनला शिकवायला बोलावणं आलं, मग 1951 ते 1954 पूर्व बर्लिनमधल्या वायसेनझेला तिनं काम केलं. त्याच काळात जर्मन उपयोजित कलेचं प्रदर्शन घेऊन ती चीनला जाऊन आली. पूर्व जर्मनीत तेव्हा बाऊहाउसकडे संशयानं पाहिलं जाई. 1983 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी ती गेली.

तिचा आणि आपला एक धागा आहे. डेसाऊच्या त्याच धातू विभागात 1927 मध्ये माक्स बिल हा स्विस तरुण शिकत होता. 1953 मध्ये उल्मची डिझाइनशाळा उभी राहिली ती त्याच्या, इंगे शोलच्या आणि ऑटल आयखरच्या प्रयत्नांतून. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून सुधाकर नाडकर्णी साठच्या दशकात त्या उल्मला गेले, आणि 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रिअल डिझाइन सेंटर सुरू झालं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पवईला शिकणाऱ्या मुलांना ब्रांटची चहादाणी स्लाइडवर दाखवली जात असेलच. तिच्या शेजारी रुपेलवेर्कचा तो नॅपकिनचा स्टँडही दाखवला जावा, आणि दोन्ही वस्तू करायला किती पैसे आणि किती तास लागले असतील, हे मुलांना कागदावर मांडायला सांगावं, असं मला फार वाटतं.