सातवा वाढदिवस, ढगातला

आइसमेर स्टेशनावर गाडी पाच मिनिटं थांबते. डोंगराच्या पोटात खोदलेलं हे स्टेशन ३,१६० मीटर उंचीवर आहे. सगळा डबा काचेच्या मोठ्या खिडकीकडे धावला, बाहेर हिमनदी दिसते म्हणून. आमची लेक मात्र पिशवीत डोकं घालून बसली होती. "आई, चिवडा फुगलाय." पुण्याहून नेलेली हवाबंद पुडी उशीसारखी टम्म झाली होती. ती तिने मांडीवर घेतली, कुरवाळली आणि वर पोहोचेपर्यंत कुणालाही फोडू दिली नाही. त्या दिवशी तिला सात वर्षं पूर्ण झाली होती.

पुण्याची उंची साधारण ५६० मीटर आणि स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनची ५६८, म्हणजे तिथे पुडी पुण्यातल्यासारखीच होती. तिथून दोनेक तासांत माणूस ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला पोहोचतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या दुपटीहून जास्त उंची, तीही बसल्या जागी. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश कमी असतो. पुडीतली पुण्याची हवा मग मोकळी पसरायला बघते. पाणीही तिथे ८८-८९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहा कितीही उकळला तरी मनासारखा होत नाही. उतरताना उलटा खेळ करता येतो. रिकाम्या बाटलीचं झाकण वरच घट्ट लावायचं. खाली येईस्तो ती आपोआप चेपते.

वाढदिवस परदेशात का, याचं उत्तर मे महिन्यात जन्मलेल्या मुलांच्या आयांना विचारावं. शाळेला सुट्टी, वर्गात चॉकलेटं वाटायची सोय नाही, निम्मे मित्र आजोळी आणि उरलेले शिबिरात. वर्षानुवर्षं "जूनमध्ये करू हं" ऐकून मूल कंटाळतं. त्यात सहल नेमकी मेमध्येच जमते. मग एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरतात.

मात्र तिकिटं काढण्याआधी मुलाचं वय नीट मोजावं. मूल दोन वर्षांचं होत असेल तर विशेषच. जाताना ते मांडीवर बसून जातं, पण दुसरा वाढदिवस सहलीत आला की परतीच्या विमानात त्याला स्वतंत्र जागा घ्यावी लागते. शेंगेन व्हिसाचं शुल्क सहा वर्षांखालच्या मुलाला माफ आहे, सहा पूर्ण झाली की बारापर्यंत निम्मं. तान्हेपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे तर हमखास विसरलं जातं.

आता माझं मत. वाढदिवसाच्या दिवशी सगळ्यात उंच ठिकाण ठेवू नये. आम्ही ठेवलं. तिथवर नेणाऱ्या रेल्वेचा स्वतःचा वाढदिवस १ ऑगस्ट १९१२, स्विस राष्ट्रीय दिनाचा. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि आयगर व म्योंख या डोंगरांमधून सात किलोमीटरचा बोगदा खणायला सोळा वर्षं लागली. एवढ्या थोर गाडीतून नेलं की झालं, असं आम्हाला वाटलं. पण तारीख हलत नाही आणि ढग आपल्याला विचारून येत नाहीत. वरच्या कॅमेऱ्यांची चित्रं सकाळी मुक्कामीच दिसतात. त्यात नुसता पांढरा पडदा दिसत होता, तरी आम्ही निघालो, कारण "आजच तर आहे ना!" वाढदिवस नसता तर दिवस बदलून गप्प बसलो असतो.

वर बर्फाच्या गुहेत लेक दहा मिनिटं रमली. मग किरकिर सुरू झाली. एवढ्या झपाट्याने उंची गाठल्यावर धाप लागणं, डोकं जड होणं हे मोठ्यांनाही होतं. फरक इतकाच, की मोठा माणूस "डोकं दुखतंय" म्हणतो आणि लहान मूल टोपी फेकतं. अशा वेळी सावकाश चालावं, पाणी पाजावं आणि बरं वाटत नसेल तर मुकाट्याने खाली यावं. तान्ह्या बाळाला वर नेण्याआधी तर डॉक्टरांना विचारलेलंच बरं. आमची उत्सवमूर्ती खाली येताच हसायला लागली. आम्हीच वर फोटो राहिले म्हणून हळहळत होतो.

केकची कथा वेगळीच. तिथे रविवारी दुकानं बंद. मोठ्या स्टेशनांवरची आणि काही पर्यटनगावांतली तेवढी उघडी असतात. वाढदिवस रविवारी, म्हणून शनिवारीच इंटरलाकेनला केक घ्यायला गेलो. आपल्या बेकरीतला ब्लॅक फॉरेस्ट मुलांच्या हातात बेधडक द्यावा, पण त्याच्या माहेरच्या मुलखात त्यात चेरीची दारू असते. त्सुग गावाच्या प्रसिद्ध केकमध्येही तीच. मुलांसाठी चांगला तो गाजर-बदामाचा, वर इवलीशी मार्झिपानची गाजरं लावलेला. अंडं मात्र त्यातही असतं. बिनअंड्याचा केक हवा असेल तर आधी सांगून ठेवावं, नाहीतर सरळ घरून शंकरपाळे न्यावेत. दुसऱ्या दिवशी मातृदिन होता, त्यामुळे काचेत सगळेच केक बदामाच्या आकाराचे. त्या भागात मुलं आईला 'मामी' म्हणतात, आणि केकवर तेच लिहिलेलं. लेकीने अक्षरं लावली आणि विचारलं, "हा मामीचा का? मामी तर नाशिकला आहे."

हल्ली रात्री बाराला केक कापायचं खूळ आहे. ते तिथे जमत नाही. दहानंतर शांतता पाळायची असते, आणि लाकडी घरात पोराने मारलेली एक उडी खालच्या मजल्यावर ऐकू जाते. दुसरा प्रश्न निरांजनाचा. ताम्हन, सुपारी, अक्षता, सोन्याची अंगठी सगळं मी बॅगेतून नेलं होतं. पण खोलीच्या छतावर धूर ओळखणारं यंत्र डोळे वटारून बसलेलं. खोट्या वर्दीला अग्निशमन दल आलं तर बिल आपल्या नावावर येऊ शकतं. घरं लाकडाची, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण सत्तरीची. तिला फुलवात दाखवली. तिने दाराबाहेरची दगडी पायरी दाखवली आणि स्वतः पाण्याचा तांब्याएवढा जग घेऊन उभी राहिली. वाऱ्याने ज्योत तीनदा विझली. चौथ्यांदा तिनेच ओंजळीचा आडोसा धरला.

खरा वाढदिवस झाला तो सोमवारी, मुरेनला. स्टेखेलबर्गहून रज्जुमार्गाने वर जातो आपण. गावात मोटारींना बंदी. उंची जवळजवळ कळसूबाईएवढीच, त्यामुळे डोकंबिकं काही दुखत नाही. आभाळ स्वच्छ होतं. आदल्या दिवशी ज्यांच्या पोटातून गेलो ते आयगर आणि म्योंख, शेजारी युंगफ्राऊ, असे तिघे ओळीने समोर उभे. सावलीत उरलेल्या बर्फाच्या ढिगाशी लेक दोन तास खेळली, मग पिवळ्या फुलांत बसून चिवडा खाल्ला. एकदाही "आता कुठे जायचं" म्हणाली नाही. मेमध्ये डोंगरावरचे बरेच रज्जुमार्ग दुरुस्तीसाठी बंद असतात, तेवढी चौकशी आधी करावी.

आणि वाढदिवस नेमका कधी, हेही तिथे सरळ नव्हतं. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. सासूबाई पुण्यात बारापर्यंत जागल्या आणि फोन केला, तेव्हा आमच्याकडे शनिवारचे साडेआठ वाजलेले, बाहेर लख्ख उजेड. मालकिणीला सांगितलं, उद्या हिचा वाढदिवस. तिने ओठावर बोट ठेवलं. जर्मन बोलणाऱ्या मुलखात आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात. सकाळी नाश्त्याला मात्र तिने हात हातात घेऊन रीतसर अभिनंदन केलं.

सोमवारी रात्री सासूबाईंचा पुन्हा फोन आला. औक्षण झालं का, अंगठी फिरवली का, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "बरं, ती झाली तारीख. तिथीने अजून अवकाश आहे. वैशाख वद्य एकादशी, तेवीसला येते. तोवर तुम्ही घरी असाल."

"म्हणजे मी अजून सहाच वर्षांची आहे?" लेकीने फोनमध्ये तोंड घातलं.

"तिथीने सहाच."

"आणि केक?"

"एकादशी आहे गं बाळा. साबुदाण्याची खिचडी करते."