गणिताचा अस्सल कागद : मुक्त आज्ञावल्या व इतिहाससंशोधन

अस्सल कागद दाखविल्यावांचून केलेलें विधान इतिहाससंशोधकांच्या सभेंत टिकत नाहीं, हा दंडक या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. बखरकारानें कांहीं सांगितलें, तर तें त्यास कोठून कळलें, असें आपण विचारतों. नक्कल पुढें आली, तर अस्सल कोठें आहे, नक्कल कोणीं व केव्हां केली, हें पाहिल्याशिवाय तिजवर विसंबत नाहीं. परंतु अलीकडे संशोधनपर निबंधांत एक नव्या प्रकारचा साक्षीदार येऊं लागला आहे. अमुक ग्रंथाचा कर्ता अमुकच, अमुक पोथी अमुक शाखेची, अमुक नाणीं अमुक काळचीं, असें संगणकाच्या साह्यानें निष्पन्न झालें, एवढ्या एका वाक्यावर निर्णय दिलेला आढळतो. या साक्षीदाराची उलटतपासणी कशी करावी, हें पुष्कळांस ठाऊक नसल्यामुळें कोणी त्याच्यापुढें मान तुकवितात, तर कोणी त्यास दारांतही उभें करीत नाहींत. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. संगणकाच्या गणितालाही अस्सल कागद असतो. तो मागतां येतो, वाचतां येतो, व तो दाखविला नसेल तर निर्णय नाकारतां येतो. हें कसें, तें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

इतिहासाच्या साधनांवर संख्याशास्त्र चालविणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४१ सालीं रुप्याच्या आहत नाण्यांच्या वजनांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तक्षशिलेच्या भीर टेकडींत सांपडलेल्या नाण्यांचीं वजनें व चिन्हें यांचीं कोष्टकें वॉल्श यांनीं १९३९ सालीं पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेंत छापलीं होतीं. कोसंबींचा विचार असा कीं, नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें. एकाच वजनाचीं पाडलेलीं नाणीं जितका अधिक काळ चालतील, तितकें त्यांचें सरासरी वजन घटेल व त्यांच्या आपसांतील वजनांची तफावत वाढेल. चालू व्यवहारांतील नाणीं हजारोंनीं तोलून त्यांनीं ही गोष्ट पडताळून पाहिली. तक्षशिलेच्या नाण्यांत त्यांस असें दिसून आलें कीं, मागील बाजूवरील ठसे जसजसे वाढतात, तसतसें सरासरी वजन कमी होत जातें. अर्थात् ते ठसे एकाच वेळीं नव्हे, तर नाणें चालत असतां वेळोवेळीं उमटलेले असले पाहिजेत.

या उदाहरणांत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. वॉल्श यांनीं केवळ आपला निष्कर्ष न छापतां नाण्यांचीं कोष्टकें छापलीं, म्हणूनच दुसऱ्या अभ्यासकास त्यांवरून निराळा विचार करतां आला. आणि कोसंबींचें गणित ज्या रीतीनें झालें, ती रीत ज्यास संख्याशास्त्र येतें त्यास कागदावर पुन्हां करून पाहतां येते. साधन उघडें व रीतही उघडी, अशी ही दुहेरी शुद्धता आहे.

तेंच गणित आज संगणकावर करावयाचें झाल्यास एका रकान्यांत ठशांची संख्या व दुसऱ्यांत वजन असें कोष्टक करून एकच ओळीची आज्ञा द्यावी लागते. क्षणांत उत्तर येतें. परंतु त्या एका ओळीच्या मागें शेंकडों ओळींची आज्ञावली काम करीत असते. माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेल्या तिच्या मूळ लेखास सोर्स कोड म्हणतात. त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर झालें म्हणजे तें यंत्रास कळतें, माणसास सहसा कळत नाहीं. व्यापारी कंपन्या बहुधा हें रूपांतरच विकतात व मूळ लेख आपल्या पेटींत कुलुपबंद ठेवितात. मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, आज्ञावलींत मूळ लेख सर्वांस खुला असतो. तो वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा व दुरुस्त प्रत दुसऱ्यास द्यावी, याची लेखी मोकळीक असते. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर पहिला प्रकार म्हणजे नुसता सारांश, दुसरा म्हणजे अस्सलासह प्रकाशन.

या मुक्त साधनांत संख्याशास्त्रापुरती 'आर' ही भाषा प्रमुख आहे. तिची वंशावळ सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं 'एस' नांवाची भाषा रचण्यास आरंभ केला. पुढें न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनीं तिच्याच वळणावर नवी भाषा घडविली. दोघांच्या नांवांचें इंग्रजी आद्याक्षर एकच, आणि पूर्वज भाषेचें नांवही एकाक्षरी, म्हणून हिचें नांव 'आर' पडलें. १९९५ सालीं ती ग्नू सार्वजनिक परवान्याखालीं मुक्त झाली. त्या परवान्याची मुख्य अट अशी कीं, जो कोणी ही आज्ञावली, मूळची वा सुधारलेली, दुसऱ्यास देईल, त्यानें मूळ लेखही त्याच अटींवर उपलब्ध केला पाहिजे. १९९७ सालीं 'क्रॅन' हें भांडार उघडलें व २९ फेब्रुवारी २००० रोजीं पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. निरनिराळ्या अभ्यासकांनीं रचलेल्या पुरवण्या, ज्यांस पॅकेज म्हणतात, त्या या भांडारांत आज वीस हजारांहून अधिक आहेत. पॅकेजांच्या जुन्या आवृत्त्याही तेथें जतन करून ठेविल्या जातात. 'पायथॉन' भाषेंतही अशाच मुक्त पुरवण्यांचा मोठा संच आहे.

पोथ्यांच्या अभ्यासकांस यांपैकीं दोन पॅकेजें विशेष उपयोगी पडतील. पहिलें 'स्टायलो' हें ग्रंथकर्तृत्वाच्या प्रश्नाकरितां आहे. लेखक विषय बदलतो, परंतु 'आणि', 'तर', 'मग' यांसारखे वारंवार येणारे शब्द किती प्रमाणांत वापरावे हें तो ठरवून करीत नाहीं, असें या पद्धतीचें गृहीत आहे. जॉन बरोज यांनीं २००२ सालीं मांडलेल्या 'डेल्टा' मापांत अशा प्रत्येक शब्दाच्या प्रमाणांतील फरक काढून त्यांची सरासरी घेतात. ती जितकी कमी, तितके दोन लेख जवळचे. दुसरें पॅकेज 'एप' हें मूळचें जीवशास्त्राचें, प्राण्यांच्या वंशवृक्षाकरितां रचलेलें आहे. परंतु पोथ्यांतील पाठभेदांचें कोष्टक दिल्यास तें पोथ्यांचाही वंशवृक्ष काढून देतें.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. वृक्ष काढावयास सांगितलें कीं आज्ञावली वृक्षच काढते. पोथ्यांचा इतिहास वृक्षासारखा होता कीं नाहीं, हें ती विचारीत नाहीं. एका लेखकानें दोन-तीन पोथ्या पुढें ठेवून नक्कल केली असेल, तर त्या पोथीला एक बाप नसून अनेक असतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना विष्णु सीताराम सुकथनकर यांस पाठांच्या अशाच संमिश्रणाशीं झगडावें लागलें. तसेंच, ज्ञानेश्वरीचा कर्ता व अभंगांचा कर्ता एक कीं दोन, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' यांनीं उपस्थित केलेला वाद जर कोणी 'डेल्टा'च्या मापानें सोडवूं म्हणेल, तर त्यानें प्रथम हें पाहावें कीं, आलेला फरक कर्त्याचा आहे, ओवी व अभंग यांच्या बांधणीचा आहे, कीं मागाहून भाषा बदलणाऱ्या नकलकारांचा आहे. यंत्र फरक मोजतें; फरकाचें कारण सांगत नाहीं.

हे दोष अभ्यासकाच्या विचाराचे झाले. आतां आज्ञावलीच्या मूळ लेखांत दडलेल्या दोषाचें एक उदाहरण देतों. तें आपल्या लिपीशींच निगडित आहे. पायथॉनमधील 'सायकिट-लर्न' या प्रसिद्ध मुक्त पुरवणींत मजकुरांतील शब्द मोजण्याचें एक साधन आहे. शब्द कोठें संपतो हें ठरविण्याचा त्याचा मूळ नियम एका ओळीचा आहे. त्या नियमांत काना, मात्रा, वेलांटी व उकार हीं अक्षरें गणलीं जात नाहींत, आणि एका अक्षराचा तुकडा सोडून दिला जातो. परिणाम असा कीं, 'कागद' या शब्दाचा पहिला तुकडा गळून 'गद' एवढाच उरतो, 'मराठी'चें 'मर' होतें, आणि 'पाणी' हा शब्द तर गणनेंतून समूळ नाहींसा होतो. यंत्र तक्रार करीत नाहीं. कोष्टक व्यवस्थित छापून येतें, आकडे नीटनेटके दिसतात, व त्यांवरून एखाद्या संताचें कर्तृत्व काढून घेतलें जाऊं शकतें. ज्याच्या हातीं केवळ निष्कर्ष आहे, त्यास हा दोष जन्मांत सांपडणार नाहीं. ज्यास ती एक ओळ वाचतां येते, त्यास तो क्षणांत दिसतो, व देवनागरीस योग्य असा नियम लिहून तो दूरही करतां येतो.

रीत झांकलेली राहिल्यानें केवढा घोटाळा होतो, याचें इतर क्षेत्रांतील एक उदाहरण सर्वश्रुत आहे. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं असें मांडलें कीं, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलें म्हणजे देशाची वाढ खुंटते. सरासरी वाढ उणें ०·१ टक्का येते. अनेक देशांच्या राजकारणांत या आंकड्याचा आधार घेतला गेला. २०१३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे विद्यार्थी थॉमस हर्नडन यांनीं मूळ कर्त्यांकडून त्यांचा संगणकीय ताळेबंद मागवून घेतला. वीस देशांची सरासरी घेतांना पहिले पांच देश सूत्रांतून सुटले होते, असें त्यांस आढळलें. ही चूक व इतर कांहीं वादग्रस्त निवडी दुरुस्त केल्यावर हर्नडन व त्यांचे सहकारी यांच्या हिशेबानें सरासरी २·२ टक्के आली. ताळेबंदांतील चूक मूळ कर्त्यांनींही मान्य केली. अस्सल कागद पुढें येईपर्यंत तीन वर्षें ती कोणाच्या ध्यानांत आली नव्हती.

मुक्त आज्ञावलींत चुका नसतात असें मात्र कोणीं समजूं नये. 'आर' उघडतांच पहिल्या पडद्यावरच ती कळविते कीं, या आज्ञावलीची कसलीही हमी दिलेली नाहीं. मोठ्या समूहांतून यदृच्छेनें नमुने निवडण्याच्या तिच्या रीतींत बारीकसा पक्षपात होता. केली ओटोबोनी व फिलिप स्टार्क यांनीं तो २०१८ सालीं दाखवून दिला, आणि २०१९ सालच्या ३·६·० या आवृत्तींत ती रीत बदलण्यांत आली. दोष सांपडला व दुरुस्त झाला, हें मुक्तपणाचें फळ होय. परंतु त्याचा दुसरा परिणामही ध्यानांत ठेवावा. तीच आज्ञा, तोच आरंभीचा अंक देऊन जुन्या व नव्या आवृत्तींत चालविली, तर निवड निराळी होते. म्हणजे आज्ञावल्यांनाही पाठभेद असतात, आणि कोणत्या प्रतीवरून वाचलें हें न सांगणें पोथीच्या अभ्यासांत जितकें गैर, तितकेंच येथेंही गैर आहे.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या निबंधाचा निर्णय संगणकाच्या गणितावर उभा आहे, त्याच्या कर्त्यानें चार गोष्टी दिल्या पाहिजेत. पहिली, ज्यावर गणित केलें तें संपूर्ण कोष्टक, कोणत्याही यंत्रावर वाचतां येईल अशा साध्या मजकुराच्या रूपांत. दुसरी, दिलेल्या सर्व आज्ञा, क्रमानें. तिसरी, आज्ञावलीचें व प्रत्येक पॅकेजाचें नांव आणि आवृत्तीचा अंक. चौथी, यदृच्छा निवड असल्यास तिचा आरंभीचा अंक. हें सर्व त्रैमासिकांत छापणें जागेअभावीं शक्य नसेल, तर सर्न या संस्थेनें २०१३ सालीं उघडलेल्या 'झेनोडो'सारख्या भांडारांत तें विनामूल्य ठेवतां येतें व त्यास कायमचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक लेखांत द्यावा. या चार गोष्टी नसतील, तर तो निर्णय अस्सल न दाखविलेल्या नकलेप्रमाणें बाजूस ठेवावा; खोटा म्हणून नव्हे, तर असिद्ध म्हणून.

आमच्या संग्राहक मित्रांपैकीं कित्येक म्हणतील कीं, आम्हांस आज्ञावली वाचतां येत नाहीं, मग तिचा मूळ लेख उघडा असून उपयोग काय? यास उत्तर असें कीं, मोडी न येणाराही अस्सल मोडी कागद जपतो, कारण तो वाचणारा कोणी तरी असतो, व आज नसला तर उद्यां येईल. कागदच नसेल, तर वाचणारा येऊन काय करणार? शिवाय या कामाचा पहिला व सर्वांत अवघड भाग संग्राहकाच्याच हातचा आहे. कोणत्या पोथींत कोणत्या ओवीस कोणता पाठ आहे, पान कोठें फाटलें आहे, हात कोठें बदलला आहे, हें कोष्टक संगणक भरून देत नाहीं. तें पोथी उलगडून, डोळ्यांनीं पाहून, माणसासच लिहावें लागतें. वॉल्श यांचीं कोष्टकें नसतीं, तर कोसंबींच्या गणितास आधार काय उरला असता? ज्यांच्या संग्रहांत पोथ्या आहेत, त्यांनीं अशीं कोष्टकें करून तीं उघडीं ठेवावीं. गणित करणारे पुढें येतील. त्यांजपाशीं अस्सल कागद मागण्याचा अधिकार मात्र आपण सोडूं नये.