नाकांतील कोंब आणि स्टेरॉइड औषधें

कांहीं वर्षांपूर्वीं एके सकाळीं गॅसच्या शेगडीवर दूध उतूं जाऊन करपलें. लगतच्या खोलींत मी वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. परंतु सूनबाई धांवत येईपर्यंत मला कसलाही वास आला नाहीं. दुधाच्या जागीं गॅसच सुटला असता तर काय झालें असतें, या विचारानें मी डॉक्टरांकडे गेलों. मी वैद्य नव्हें. जन्मभर मुलांना शिकवीत आलेला एक मास्तर आहें. तरी या विकाराविषयीं डॉक्टरांकडून जें समजून घेतलें आणि स्वतःच्या चुकीनें जें शिकलों, तें आज श्रोत्यांस सांगावयाचें आहे.

नाकाचें आणि आसपासच्या हाडांतील पोकळ्यांचें अस्तर दीर्घकाळ सुजून राहिलें, म्हणजे त्यांत पाणी धरतें आणि सोललेल्या द्राक्षांसारखे मऊ, फिकट कोंब लोंबूं लागतात. डॉक्टर यांस पॉलिप म्हणतात, आयुर्वेदांत नासार्श म्हणतात, आणि आपण 'नाकांत मांस वाढलें' असें म्हणतों. वस्तुतः हें मांस नव्हे, सूज आहे. आणि म्हणूनच सूज उतरविणारें स्टेरॉइड हें त्यावरील मुख्य औषध होय. मात्र कोंब एकाच बाजूस असेल किंवा नाकांतून रक्त येत असेल, तर दुसरा कांहीं विकार नाहीं ना, याची तपासणी आधीं झाली पाहिजे.

स्टेरॉइड हें नांव ऐकतांच पुष्कळ लोक दचकतात. पण या जातीचा रस आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींत रोजच तयार होत असतो. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं संधिवातानें जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन दिलें आणि थोड्याच दिवसांत ती चालूं लागली. या ग्रंथींच्या रसांवरील संशोधनाबद्दल हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांस १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें.

नाकाच्या या विकारांत तें मुख्यतः दोन वाटांनीं देतात. पहिली वाट फवाऱ्याची. मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांसारख्या औषधाची अत्यल्प मात्रा सुजेवरच पडते. रक्तांत फारच थोडी उतरते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीं फवारा महिनोन्‌महिने वापरतां येतो. पण त्याचा गुण दिसावयास कित्येक आठवडे लागतात, आणि आठ दिवसांत कंटाळून बाटली फेंकणारेच पुष्कळ.

दुसरी वाट गोळीची, बहुधा प्रेड्निसोलोनची. ही थोडे दिवसच देतात. माझ्या बाबतींत चौथ्या दिवशींच फोडणीचा वास आला आणि डोळ्यांत पाणी उभें राहिलें! पण गोळ्या संपल्या आणि कांहीं महिन्यांनीं वासही गेला. तेव्हां जुनी चिठ्ठी दाखवून मीं एका वर्षांत तीनदां त्याच गोळ्या आणविल्या. परिणाम असा कीं झोंप उडाली आणि रक्तांतील साखर वाढली. गोळी म्हणजे एका मुलाच्या खोडीसाठीं साऱ्या शाळेस शिक्षा. ती सर्व शरीरास पोंचते. वारंवार घेतल्यास हाडें ठिसूळ होतात, मोतीबिंदु किंवा कांचबिंदु होऊं शकतो. फार दिवस घेतल्यास शरीरांतील ग्रंथी आळसावते. अशा वेळीं गोळी एकाएकीं बंद करणेंही धोक्याचें असतें.

फवारा मारण्याचीही रीत आहे. प्रथम कोमट मिठाच्या पाण्यानें नाक धुवावें; पाणी उकळून निवविलेलें असावें. मान किंचित् पुढें झुकवावी, उजव्या नाकपुडीस डावा हात व डाव्या नाकपुडीस उजवा हात वापरावा, आणि तोंटी मधल्या पडद्याकडे न धरतां बाहेरच्या बाजूस वळवावी. मग हळूच श्वास घ्यावा. जोरानें ओढल्यास औषध घशांत जातें. नाक तात्काळ मोकळें करणारे थेंब याहून निराळे. ते थोड्या दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदतें.

एवढ्यानें भागलें नाहीं तर दुर्बिणीनें शस्त्रक्रिया करतात. पण तीनें कोंब जातात, सुजेची प्रवृत्ति जात नाहीं. म्हणून पुढेंही फवारा चालूं ठेवावा लागतो. २०१९ सालीं अमेरिकेंत ड्युपिलुमॅब नांवाच्या इंजेक्शनास या विकारासाठीं मान्यता मिळाली; तें महाग आहे, आणि तें कोणास द्यावें हें तज्ज्ञांनींच ठरवावें.

आज दोन वर्षें मी दोन्ही वेळ फवारा घेत आहें. वास पूर्वींइतका येत नाहीं. पण दूध करपलें तर कळतें. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणण्याचा मोह मात्र कोणी धरूं नये, इतकेंच माझें सांगणें आहे.