हिरवी बाटली आणि आईंचे पाय

"काय वो सूनबाई, विहिरीतलं शेवाळ चारून राहिली का मले?" बाटलीचं झाकण उघडून वास घेताच आमच्या सासूबाईंनी नाक मुरडलं.

२०२० सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कोरोनाची धास्ती घराघरात होती. आमच्या सावनेरच्या भिशीत एका मैत्रिणीने स्पिरुलिनाच्या हिरव्या कॅप्सूल विकायला आणल्या. ६० कॅप्सूल, ७०० रुपये. प्रतिकारशक्ती वाढते, विषाणू मरतात, प्रोटीन, लोह, बी-१२, सगळं एकातच! मी लगेच दोन बाटल्या घेतल्या.

आईंना डॉक्टरांनी आधीपासून बी-१२च्या गोळ्या लावून दिल्या होत्या. माळकरी बाई, अंडं-मटण वर्ज्य, दूध फक्त चहापुरतं. बाटलीवर बी-१२चा आकडा ठळक छापलेला. म्हटलं, मग दोन-दोन औषधं कशाला? गोळ्या बंद केल्या. कोणाला विचारलं नाही, काही नाही. ही चूक माझीच.

२०२१च्या पोळ्याच्या सुमारास आई म्हणायला लागल्या, "पायाले मुंग्या येऊन राहिल्या वो." चालताना पायातली चप्पल निसटायची, त्यांना कळायचंच नाही. एकदा न्हाणीघरात तोल गेला, नशिबाने भिंत हाताशी होती. नागपूरला नेलं, रक्त तपासलं. बी-१२ अगदी तळाला गेलेलं! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी पर्समधून हिरवी बाटली काढून पुढे केली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "यातलं बी-१२ आपल्या शरीराच्या कामाचं नाही."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरं सांगते.

मग मी वाचत सुटले. आपण शेवाळ म्हणतो, पण स्पिरुलिना हा निळसर-हिरवा सूक्ष्म जीव, खरं तर जीवाणूंच्याच कुळातला. त्यात बी-१२सारखं दिसणारं एक द्रव्य असतं. दिसायला चावी तीच, पण आपल्या कुलपात बसत नाही! जुन्या पद्धतीच्या चाचणीत प्रयोगशाळेतले जीवाणू खरं आणि खोटं दोन्ही खाऊन वाढतात, म्हणून आकडा फुगतो. आणि शाकाहारी घरांमध्ये ही कमतरता काही थोडीथोडकी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी २००६ साली पुणे भागातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. पुरुषांना ताटात आधी वाढतो आपण, तरी ही गत. उरलंसुरलं खाणाऱ्या बायांचं काय असेल?

गंमत म्हणजे हे महागडं "सुपरफूड" आपल्या विदर्भातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला दैत्यसूदनाच्या दर्शनाला आम्ही गेलो होतो, तेव्हा सरोवराचं हिरवंगार पाणी पाहून आई म्हणाल्या होत्या, "मूग वाटून टाकल्यासारखं दिसते." उल्कापाताने झालेल्या त्या विवरातलं पाणी खारं आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. दुसरं फारसं काही तिथे टिकत नाही, स्पिरुलिनाला मात्र ते मानवतं. तो हिरवा रंग मुख्यतः तिचाच. जून २०२० मध्ये हेच सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या वेगळ्या सूक्ष्म जीवांचा आहे.

आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या बाया तर पिढ्यान्‌पिढ्या ही स्पिरुलिना पाण्यावरून गोळा करतात. वाळूवर पसरून वाळवतात, तिच्या वड्या पाडतात, त्याला "दिहे" म्हणतात. मग कालवण करून बाजरीच्या जाडसर लापशीबरोबर खातात. आपल्या पिठलं-भाकरीचीच तऱ्हा म्हणा ना! पण म्हणून कोणी आपल्या तलावावरचं हिरवं काढून आणू नका हं. त्यातल्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात.

तेव्हा ही वस्तू खोटी नाही. वाळवलेल्या पुडीत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. पण एका कॅप्सूलमध्ये पुडी किती? अर्धा ग्रॅम! मी कागद-पेन घेऊन बसले. ६० कॅप्सूलची पूर्ण बाटली म्हणजे ३० ग्रॅम पुडी, त्यात प्रथिनं १७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तीन अंडी. आईंच्या हिशेबाने सांगायचं तर तीन मुठी फुटाणे. ७०० रुपयांत! आमचे हे हिशेब ऐकून इतके हसले, की मला रडू आलं.

आणि ते विषाणू मारणं? तेही अगदीच हवेतलं नाही. जपानी शास्त्रज्ञांनी १९९६ साली स्पिरुलिनातून एक द्रव्य वेगळं काढलं, अमेरिकेत १९९७ साली तिच्याच गणगोतातल्या एका जीवात एक प्रथिन सापडलं. दोन्ही विषाणूंना पेशीत शिरू देत नाहीत. मात्र हे प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं. आपण प्रथिन गिळलं की पोट त्याची डाळच करतं. माणसांवर म्हणाल, तर अर्जेंटिनात कोरोनाच्या काळात लाल समुद्री शेवाळातल्या कॅराजीननचा फवारा दवाखान्यातल्या ३९४ कर्मचाऱ्यांवर वापरून पाहिला. खरा फवारा घेणाऱ्यांत २ जणांना कोरोना झाला, औषध नसलेला फवारा घेणाऱ्यांत १० जणांना. आशा वाटावी असा आकडा आहे, पण अभ्यास लहान. शिवाय तो नाकात मारायचा फवारा, पोटात घ्यायची कॅप्सूल नव्हे.

लाल शेवाळ म्हटल्यावर किळस आली का? अहो, फालुद्यात आणि पुडिंगमध्ये घालतो ते चायना ग्रास त्याचंच! तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बाया समुद्रात बुड्या मारून असलं शेवाळ हाताने तोडून आणतात. हे आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मंग त एकादशीला चालते का, ते इचार आधी."

त्यांना इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. मुंग्या हळूहळू गेल्या, तोल सावरला. डाव्या अंगठ्याची जाणीव मात्र परत आली नाही. चप्पल घालताना त्या अजूनही खाली वाकून बघतात, आणि मी दुसरीकडे बघते.

भिशीत मी सगळं सांगून टाकलं. मैत्रीण दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी तिचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलली, पापडाचं विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आईच्या पायाची आग होते गं रात्री. ती रक्ताची चाचणी... उपाशीपोटी करावी लागते का?"