रुग्णालयाच्या आत – लेखांक ७ : ऐकण्याचा अभ्यासक्रम

भूल कशी देतात आणि शस्त्रक्रिया चालू असताना भूलतज्ज्ञ नेमके काय करत असतो, हे मागच्या दोन लेखांकांत आपण पाहिले. आता त्याच टेबलाभोवती उभ्या असलेल्या बाकीच्या माणसांकडे वळू.

मार्च २००५, इंग्लंड. वैमानिक मार्टिन ब्रोमिली यांची पत्नी सायनसच्या साध्या, आधीच ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. वय ३७, दोन लहान मुले, प्रकृती चांगली. भूल दिल्यावर मात्र तिचा श्वासमार्ग मोकळा ठेवता येईना. घशातून श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत गेला. मदतीला दुसरे भूलतज्ज्ञ धावले. कान-नाक-घशाचे सर्जन तिथेच होते. तिघेही अनुभवी. पण रक्तातला ऑक्सिजन धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली गेला तरी तिघे त्या एका नळीतच अडकून राहिले.

तेवढ्यात एक सिस्टर गळ्याला छेद देऊन श्वासनलिका उघडण्याचा संच घेऊन आली आणि तो तयार असल्याचे तिने सांगितले. कुणी लक्ष दिले नाही. दुसरीने अतिदक्षता विभागाला फोन करून खाट सांगून ठेवली होती. डॉक्टरांचे चेहरे पाहून तिला वाटले, आपण उगाच घाई केली. तिने पुन्हा फोन करून ती खाट रद्द केली. १३ दिवसांनी रुग्ण दगावली.

काय करायला हवे ते खोलीतल्या परिचारिकांना कळत होते, हे पुढे चौकशीतून समोर आले. ते डॉक्टरांच्या गळी कसे उतरवायचे, हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते आणि ते ऐकून कसे घ्यायचे, हे डॉक्टरांनाही. माझ्या मते दुसरी उणीव पहिलीपेक्षा मोठी आहे. बोलणाऱ्याला धीर द्यायचा आणि ऐकणाऱ्याला मोकळे सोडायचे, याने काहीच साधत नाही.

ब्रोमिलींनी कुणाला शिक्षा व्हावी म्हणून हट्ट धरला नाही. वैमानिक असल्यामुळे हा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून ५८३ माणसे गेली, तेव्हाही फ्लाइट इंजिनिअरने ‘समोरचे विमान बाजूला झाले ना?’ अशी शंका काढली होती आणि कप्तानाने ती उडवून लावली होती. त्यानंतर विमानक्षेत्राने कप्तान आणि सहकारी यांना एकत्र बसवून बोलण्या-ऐकण्याचे प्रशिक्षण देणे सुरू केले. तसे रुग्णालयांतही व्हावे म्हणून ब्रोमिलींनी २००७ मध्ये एक गट स्थापन केला.

पण नोकरीला लागल्यावर द्यायच्या प्रशिक्षणाला उशीर झालेला असतो. सवयी विद्यार्थिदशेतच घट्ट होतात. सकाळच्या राउंडला सर पुढे, मागे निवासी डॉक्टर, त्यांच्यामागे इंटर्न आणि केस पेपर सांभाळत सगळ्यांत शेवटी सिस्टर. तिनेच रात्रभर खाट क्रमांक नऊच्या आजोबांकडे पाहिलेले असते. लघवीच्या पिशवीत पहाटेपासून थेंबही वाढलेला नाही, हे तिला ठाऊक असते. सर विचारतात इंटर्नला. तो कागद पाहून उत्तर देतो आणि सगळे दहा नंबरकडे सरकतात.

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठाने या सवयीवर पार मुळाशी घाव घातला. १९८६ पासून तिथे डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट होऊ पाहणारी मुले शिक्षणाची सुरुवातच एका वर्गात करू लागली. १९९६ मध्ये तर त्यांनी अस्थिरोग विभागात विद्यार्थ्यांनी चालवायचा वॉर्ड उघडला. शिक्षक देखरेखीला असतात, पण दोन आठवडे रुग्णांची काळजी हे वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी मिळून घेतात. खुब्याचे हाड मोडलेली एखादी आजी डोळ्यांपुढे आणा. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या दृष्टीने शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके कोरडे आहेत, आजीला घरी सोडायला हरकत नाही. फिजिओथेरपीची विद्यार्थिनी सांगते, अजून दोन पायऱ्याही चढवत नाहीत. ऑक्युपेशनल थेरपीवाला विचारतो, घरी संडासाची बैठक किती उंच आहे? नर्सिंगच्या मुलीला आजीने रात्री सांगितलेले असते की घरी ती एकटीच राहते. चौघांचे जमल्याशिवाय आजीला घरी धाडता येत नाही. दुसऱ्याचे ऐकले नाही तर आपलाच निर्णय चुकतो, हे त्या मुलांना तिथे रोज अनुभवायला मिळते.

याचा फायदा रुग्णाला होतो, हे आकड्यांत दाखवणे अवघड आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात निकषांत बसणारे जेमतेम १५ अभ्यास सापडले आणि त्यांचे निष्कर्षही संमिश्र होते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी यादीची आठ शहरांत चाचणी झाली, त्यांत दिल्लीही होती. २००९ मध्ये जाहीर झालेल्या त्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. छेद घेण्याआधी टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्या यादीतला एक मुद्दा आहे. सगळे श्रेय त्याला देता येणार नाही. पण ज्याने एकदा तोंड उघडले, त्याला दुसऱ्यांदा बोलणे सोपे जाते, यावर माझा विश्वास आहे.

आपल्याकडे यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली १९९८ पासून वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्या शाखा आहेत. परळच्या केईएमच्या आवारात वैद्यकीय महाविद्यालय आहे, नर्सिंगचे शिक्षण आहे आणि कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये सुरू केलेली ऑक्युपेशनल थेरपीची शाळाही आहे. देशाच्या २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमाला तर डॉक्टर हा आरोग्य-चमूचा नेता आणि सदस्य, दोन्ही म्हणून घडायला हवा आहे. ‘सदस्य’ होणे वर्षातून एका संयुक्त व्याख्यानाने जमणार नाही. मला वाटते, प्रत्येक शिक्षण-रुग्णालयाने आधी एकच वॉर्ड विद्यार्थ्यांच्या चमूकडे द्यावा. अस्थिरोगाचा चालेल, प्रसूतीनंतरचा तर फारच चांगला. आणि परीक्षेचे गुण एकट्याला न देता चमूला द्यावेत.

पुढच्या लेखांकात : पाळी बदलताना रुग्णाची माहिती एका सिस्टरकडून दुसरीकडे कशी जाते आणि ती नेमकी कुठे गळते.