पहिल्या पसंतीचं कॉलेज

दहावीचा निकाल लागला की आमच्या घोडबंदर रोडवर, कापूरबावडीपासून ओवळ्यापर्यंत, सोसायटीच्या गेटवर एकच चौकशी सुरू होते. "किती पडले? मग आता रुईया की वझे?" मुलीला काय शिकायचंय, असं विचारणारी एखादीच. बाकी कॉलेजचं नाव सांगताना आईचा आवाज चढतो की उतरतो, त्यावरून आम्हाला टक्के कळतात!

मैत्रिणींनो, माटुंग्याचं रुईया किंवा मुलुंडचं वझे-केळकर ही चांगली कॉलेजं आहेतच. पण आपल्या लेकराला ती मानवतील का, हे कोण बघणार?

अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाले. त्या वर्षी अर्जात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची होती. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं, तर तिथे प्रवेश घेणं सक्तीचं. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणजे 'लागतंय का बघू' म्हणून चारचौघांत सांगायला टाकलेलं नाव गळ्यात पडू शकतं. त्यामुळे यंदाचे नियम नीट वाचून मगच पहिला क्रमांक भरा.

त्यात आपला भाग रेल्वेपासून लांब. कासारवडवली ते ठाणे स्टेशन दहा किलोमीटरच्या आसपास. बस किंवा रिक्षा, मानपाडा-पातलीपाड्याची कोंडी, मग लोकलची गर्दी आणि माटुंग्यापर्यंत आणखी वीसेक किलोमीटर. सकाळी सातचं लेक्चर असेल, तर पोरगी घरातून निघणार कधी आणि जेवणार कधी?

आमच्या महिला मंडळातल्या एकीच्या मुलीला मानसशास्त्र शिकायचं होतं. पण टक्के नव्वदच्या घरात, मग आर्ट्सला कशी घालायची? मुंबईतल्या एका नामांकित कॉलेजात सायन्सला प्रवेश घेतला. दिवाळीपर्यंत मुलगी गप्प गप्प झाली, हजेरी घसरली, वार्षिक परीक्षेत दोन विषय राहिले. पुढच्या वर्षी ठाण्यातच आर्ट्सला पुन्हा अकरावीपासून सुरुवात केली. वर्ष गेलं खरं, पण आता ती वर्गातल्या गोष्टी आपणहून घरी सांगते.

याचा अर्थ 'मुलगी आहे, जवळच बरी' असा मात्र काढू नका हं! गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. रस्त्यातल्या छेडछाडीच्या भीतीने मुली चांगलं कॉलेज सोडून दुय्यम कॉलेज पत्करतात, पण प्रवास सुरक्षित असावा असं बघतात, असं त्यांना आढळलं. मुलांवर ही वेळ तितकी येत नाही. भीतीपोटी निवडलेलं कॉलेज म्हणजे पसंतीचं कॉलेज नव्हे. मुलीला हवा तो विषय लांबच्याच कॉलेजात चांगला शिकवत असतील, तर तिला जरूर पाठवा. सोबत शोधा, पास काढून द्या, घरकामातून मोकळी करा. मुलाला लांब आणि मुलीला जवळ, अशी दोन मापं नकोत.

मग बघायचं काय? अर्ज लॉक करण्याआधी एक दिवस मुलीबरोबर तिच्याच वेळेला, तिच्याच बसने, ट्रेनने कॉलेजपर्यंत जाऊन या. गेटवरच्या मुलींना विचारा, लेक्चर्स खरोखर होतात का, की सगळी भिस्त बाहेरच्या क्लासवर? हवा तो विषय आहे का? मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सांभाळून घेतात का? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं? मुलींचं स्वच्छतागृह स्वच्छ आहे का? फी सोडून आणखी खर्च किती? आपल्या ठाण्यातही चेंदणीला खाडीकाठी एकाच आवारात आर्ट्स-कॉमर्सचं जोशी-बेडेकर आणि सायन्सचं बांदोडकर आहे. त्यांनाही हेच प्रश्न विचारा, जवळ आहेत म्हणून सूट नको.

आणि हो, पसंतीक्रम मुलीला स्वतःच्या हाताने भरू दे. पहिल्या क्रमांकाला तेच कॉलेज का, हे तिला दोन वाक्यांत सांगता आलं, की खुशाल लॉक करा. गेटवर कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. सकाळची बस तिलाच पकडायची आहे, गेटवरच्या मावशींना नाही!