पेरोव्स्काइट सौर पॅनेल : स्वस्त होतील, पण टिकतील का?

‘आता सौर पंप घेऊ, की नवीन स्वस्त पॅनेल येईपर्यंत थांबू?’ पंपाचा अर्ज भरताना हा प्रश्न हल्ली कानावर येतो. नवीन म्हणजे पेरोव्स्काइटचे पॅनेल. त्याच्या बातम्या मोबाईलवर फिरत असतात. उत्तर आधीच सांगतो, थांबू नका. का, ते समजून घ्या.

सध्याच्या पॅनेलमधील सिलिकॉन शुद्ध करून १४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळवावे लागते, मग त्याच्या चकत्या कापतात. पेरोव्स्काइट हे बहुतेक वेळा शिसे, आयोडीन आणि सेंद्रिय क्षारांचे स्फटिक असते. हे क्षार द्रावणात विरघळवून काचेवर शाईसारखा थर देतात आणि साधारण १०० ते १५० अंशांवर सुकवतात. सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रॉन जाडीची, तर हा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा. स्वस्ताई इथून येते. २००९ मध्ये जपानमधील त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने बनवलेल्या सेलची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे आहे, तीही छोट्याशा सेलवर. संशोधन केंद्राच्या वाफ्यातले उत्पादन आणि आपल्या रानातले उत्पादन यांतला फरक तुम्हाला सांगायला नको.

खरी अडचण टिकण्याची. युरियाची गोणी पावसाळ्यात उघडी राहिली की काय होते, हे तुम्ही पाहिले आहे. पेरोव्स्काइटही क्षारच. ओलावा शिरला की काळा थर पिवळा पडतो आणि वीज बंद होते. उष्णता व अतिनील किरणांनीही तो खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल ६० अंशांच्या वर तापते आणि जूनमध्ये लगेच दमट हवा सुरू होते, म्हणजे दोन्ही मार एकापाठोपाठ.

यावर काम चालू आहे. उष्णतेत उडून जाणाऱ्या मिथाइल अमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम व सीझियम वापरतात. महागड्या सोन्याच्या थराऐवजी कार्बनचा थर देतात. त्याने खर्च वाचतो आणि पाणीही अडते. दोन काचांमध्ये सेल बंद करून कडा ब्यूटिल रबराने सील करतात. सिलिकॉनवरच पेरोव्स्काइटचा थर देण्याचा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने २०२४ मध्ये असे पॅनेल विकायला सुरुवात केली.

पॅनेलच्या चाचणीत ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास ठेवतात. हे झाले जेमतेम ४२ दिवस. सिलिकॉनला मात्र साधारण २५ वर्षांची हमी मिळते. समजा, नवे पॅनेल निम्म्या किमतीत मिळाले आणि पाच वर्षांत उतरले, तर २५ वर्षांत पाच संच लागतील. खर्च अडीच पट, बदलण्याची मजुरी वेगळी.

शिशाचेही लक्षात ठेवा. एका चौरस मीटरमध्ये ते एक ग्रॅमपेक्षा कमी असते, पण पाण्यात विरघळणाऱ्या रूपात. असे पॅनेल गारपिटीत फुटले तर तुकडे बांधावर किंवा विहिरीजवळ टाकू नका. विक्रेत्याने ते परत न्यायला हवेत, आणि ही अट खरेदीच्या वेळीच बिलावर लिहून घ्या.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटाला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. कोणी बाहेरून ‘नव्या तंत्राचे’ पॅनेल स्वस्तात देऊ केले, तर बीआयएस प्रमाणपत्र आणि किती वर्षांनी किती टक्के वीज मिळेल याची लेखी हमी मागा. दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर पैसे देऊ नका.